चौथा रकाना : शिवाजी विद्यापीठाची वाटचाल

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी महा-ई-सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि कुठल्याशा मराठी शाळेतून काढून आणलेला आजोबांच्या नोंदीचा उतारा. मुलीच्या हातात मोबाईल, त्यावर अर्जाची शेवटची तारीख. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. एकेका दाखल्यामागे एकेक दिवसाची मजुरी बुडते. विद्यापीठाचं प्रवेशद्वार कोल्हापुरात सागरमाळावर आहे, असं नकाशा सांगतो. रांगेतल्या माणसाला विचाराल तर ते इथं आहे, या खिडकीपाशी.

विद्यापीठाच्या दप्तरात तीन रकाने ठळक असतात. प्रवेश किती झाले, फी किती जमा झाली, निकाल किती टक्के लागला. शिवाजी विद्यापीठाची साठ वर्षांहून अधिक काळाची वाटचाल या तीन रकान्यांत वाचता येते आणि ती अभिमानानं वाचावी अशीच आहे. पण रांगेतला बाप जे विचारतो ते या तिन्हींत कुठं बसत नाही. तो विचारतो, "शिकून फुडं काय हुतंय?"

आधी बोर्डिंग, मग कॉलेज

या विद्यापीठाची गोष्ट १९६२ पासून सांगायची रीत आहे. मी ती साठ वर्षं मागं नेतो.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. दार उघडं होतं, पण खेड्यातल्या पोरानं जेवायचं कुठं आणि रात्री पाठ टेकायची कुठं, याचं उत्तर कॉलेजकडं नव्हतं. गरीब ब्राह्मणाच्या मुलाला वार लावून जेवता येई. कुणब्याच्या, जैन शेतकऱ्याच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाला तेवढाही आधार नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ही गोम ओळखली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या वीस वर्षांत वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळं. या बोर्डिंगांना महाराजांनी नुसता आशीर्वाद दिला नाही, जागा आणि उत्पन्नही लावून दिलं. खानावळीचा खर्च हाच शिक्षणाचा खरा खर्च, हे त्यांनी हिशेबात धरलं होतं.

मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. आपण बोर्डिंगचा धडा शिक्षणाच्या इतिहासात वाचतो आणि राखीव जागांचा धडा राजकारणाच्या. ते दोन्ही शेजारी ठेवून वाचले की चित्र बदलतं. बोर्डिंगनं शिकणं परवडण्याजोगं केलं आणि हुकमानं शिकल्यावर पुढं काय, याची तजवीज केली. चौथा रकाना शाहूंच्या दप्तरात होता.

याच कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. पैसे नसतील तर श्रम द्या, हा त्यांचा व्यवहार. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच पायावर. मुलं सकाळी माती उपसत, दगड फोडत आणि मग वर्गात बसत. तिकडं भुदरगडात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहत होतं. त्याच्या उभारणीत आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. त्यांच्याकडं पुन्हा यायचं आहे.

सागरमाळ

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि दक्षिण महाराष्ट्रातली कॉलेजं मुंबईऐवजी पुण्याला जोडली गेली. अंतर कमी झालं, पण संपलं नाही. जत किंवा चंदगडच्या मुलाला पदवीच्या पुढं शिकायचं तर बहुतेक वाटा पुण्या-मुंबईकडंच जात. तिथली खोली, तिथली मेस, तिथली भाषासुद्धा वेगळी. शेतात राबणारा हात वर्षभर घरापासून तुटणार तो वेगळाच.

संयुक्त महाराष्ट्र झाला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षण खातं पाहत होते. १९६० च्या आगेमागे दोन निर्णय झाले. पहिला ई.बी.सी. सवलतीचा. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला, जात कोणतीही असो, फी माफ. आमच्या भागात आजही साठी-सत्तरीच्या माणसाशी बोलताना "आम्ही ई.बी.सी.वर शिकलो" हे वाक्य हमखास येतं. काही घरांत ती तीन अक्षरं कुलदैवताच्या नावासारखी घेतली जातात. दुसरा निर्णय कोल्हापूरला विद्यापीठ देण्याचा.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं. चीनशी युद्ध चालू होतं. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथं कुमाऊँ रेजिमेंटचे जवान शेवटच्या गोळीपर्यंत लढत होते. घरटी एक पोरगा फौजेत धाडणाऱ्या या मुलखात, अशा दिवशी, एका माळावर विद्यापीठाचा प्रारंभ झाला. सुरुवातीला ३४ संलग्न कॉलेजं, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि आवारात पाच पदव्युत्तर विभाग.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. पेशानं इतिहासकार. मराठ्यांच्या इतिहासाची, विशेषतः ताराबाईंच्या काळाची कागदपत्रं त्यांनी संपादित केली. एकेका जीर्ण कागदावरून काळ उभा करणाऱ्या माणसाच्या हाती ८५३ एकरांचा उघडा माळ आला. बारा वर्षं ते कुलगुरू होते. इमारती, रस्ते, झाडं आणि तळी उभी राहिली. १९७४ मध्ये मुख्य इमारतीसमोर शिल्पकार बी. आर. खेडकरांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आज दीक्षान्त समारंभाच्या दिवशी त्या पुतळ्यासमोर सहकुटुंब फोटो काढायला रांग लागते. फोटोत मुलगी गाऊनमध्ये असते आणि शेजारी तिची आजी इरकलीत.

आप्पासाहेबांच्या पाठोपाठ, १९७५ मध्ये, बॅरिस्टर पी. जी. पाटील कुलगुरू झाले. कर्मवीरांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकलेला गरीब घरचा मुलगा. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन रयतमध्ये शिकवू लागला आणि शेवटी विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला. बोर्डिंगपासून कुलगुरूंच्या दालनापर्यंतचा रस्ता एका आयुष्यात पार होऊ शकतो, याचा यापेक्षा सरळ दाखला शोधून सापडायचा नाही.

फी थोडी, खर्च फार

अनुदानित कॉलेजातल्या बी.ए., बी.कॉम.ची फी आजही काही हजारांत बसते. महिन्याच्या रिचार्जवर आणि चहावर पोरांचा यापेक्षा जास्त खर्च होतो, असं प्राध्यापक कधी चिडून, कधी हसून सांगतात. खरी मेख फीच्या पावतीत नसते.

आमच्याकडच्या घराचा हिशेब पिकाच्या चालीनं चालतो. उसाचं बिल आलं की प्रवेशाची फी, दुधाचं दहा दिवसांचं बिल आलं की मेसचे पैसे. म्हैस आटली की पोराची मेस तुटते. कोल्हापूर, सांगली, कराड, सातारा इथं खोली घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी गावाकडून एस.टी.नं डबा पाठवायची रीत कित्येक वर्षं चालत आली. पहाटे आई भाकरी थापायची, भाऊ सायकलवरून डबा थांब्यावर न्यायचा, तो कंडक्टरच्या हवाली व्हायचा आणि दुपारी स्टँडवर पोरं आपापला डबा ओळखून घ्यायची. डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं असे. त्या डब्याची किंमत कुठल्याही शैक्षणिक खर्चाच्या तक्त्यात येत नाही. पण त्यानं खानावळीचे जे पैसे वाचले, त्यावर किती पदव्या उभ्या आहेत याची मोजदाद केली तर थक्क व्हायला होईल.

एस.टी. हे या विद्यापीठाचं न मोजलेलं खातं आहे. विद्यार्थ्याच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत महिनाभर कॉलेज. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चिघळत राहिला. कोरोनानंतर कॉलेजं नुकती सुरू झाली होती आणि गाडी बंद. वडापला रोज पूर्ण भाडं मोजून येणं ज्यांना जमलं ते आले. बाकीचे परीक्षेपुरते आले, काही तेवढेही आले नाहीत. फी एक रुपयानंही वाढली नव्हती, तरी शिक्षण महाग झालं होतं.

कर्मवीरांचा 'कमवा व शिका'चा वारसा विद्यापीठानंही चालवला. आवारात राहायचं, दिवसाचे ठरावीक तास ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम करायचं आणि त्या पैशांत मेस भागवायची. इथं एक भेद सांगायला हवा. साताऱ्यात खोरं हाती धरणं ही प्रतिष्ठा होती, कारण ती सगळ्यांच्याच हाती असे. आज वर्गातली निम्मी मुलं मोटारसायकलवरून येत असताना संगणकापाशी नोंदी करत बसलेल्या मुलाला आपण 'योजनेतले' आहोत हे जाणवतं. योजना तीच, पण भोवतालचा समाज बदलला.

सरकारी सवलतींची यादी आज लांबलचक आहे. ई.बी.सी.ला २०१६ नंतर राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि उत्पन्नाची मर्यादा टप्प्याटप्प्यानं ८ लाखांपर्यंत गेली. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा शहराच्या दर्जानुसार वर्षाला ४३ हजारांपासून ६० हजारांपर्यंत रक्कम ठरली. यादी वाचली की वाटतं, आता कुणाचं शिक्षण पैशावाचून अडायला नको. पण शिष्यवृत्ती येते ती 'महाडीबीटी'च्या संकेतस्थळावरून, आधाराशी जोडलेल्या खात्यात, अर्ज 'सेंट बॅक' झाला नाही तर, आणि बहुतेकदा खर्च होऊन गेल्यावर. खानावळवाला मात्र महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो. मधले ते महिने घरच्यांनी उसनवारीवर काढायचे. जो उसनं आणू शकतो, त्यालाच सवलत पचते.

संध्याकाळी घरी

या विद्यापीठानं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी मुलींकडं बोट दाखवीन.

३४ कॉलेजांची २८० च्या आसपास झाली. १४ हजारांचे सुमारे तीन लाख विद्यार्थी झाले, तेही २००४ मध्ये सोलापूर वेगळं होऊन तीनच जिल्हे उरल्यावर. तालुक्याच्या गावी, पुढं मोठ्या बाजारगावी कॉलेजं निघाली. त्यातली काही पुढाऱ्यांच्या हौसेची, काही दोन खोल्यांची, काहींत ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाट. टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती झालीही.

पण गावातल्या बापाचा हिशेब निराळा असतो. मुलगी सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येणार असेल, तर शिकू दे. रात्री बाहेर राहायचं असेल, तर बघू, आणि 'बघू' म्हणजे नाही. वीस किलोमीटरवर कॉलेज आलं आणि त्या 'बघू'चा 'शिकू दे' झाला. शंभर किलोमीटरवरच्या उत्तम कॉलेजापेक्षा वीस किलोमीटरवरच्या बऱ्या कॉलेजानं जास्त मुली पदवीधर केल्या. गुणवत्तेच्या चर्चेत ही गोष्ट विसरणं सोपं असतं, कारण ती चर्चा करणाऱ्यांची घरं बहुधा शहरात असतात.

राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी निम्मं माफ होतं. मोठा निर्णय आहे. पण व्यावसायिक अभ्यासक्रम बहुतेक शहराजवळच असतात, आणि वसतिगृहाचा, येण्याजाण्याचा खर्च आहे तिथंच आहे. म्हणजे गाडी पुन्हा १९०१ च्या स्टेशनवर येऊन थांबते. आधी राहायचं कुठं ते सांगा.

दाराशेजारचं दुसरं दार

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. दादा सांगलीचे, त्यामुळं लाट इथं लवकर आली. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं. आता कोल्हापूर, इस्लामपूर, इचलकरंजीच्या परिसरात नवी कॉलेजं दिसू लागली. तोवर कर्नाटकात देणगी भरून जाणारी मुलं घराजवळ इंजिनिअर होऊ लागली. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या कारखान्यांना माणसं मिळाली आणि पुण्याच्या आयटी कंपन्यांनाही.

पण या दारानं हिशेबाची भाषाच बदलली. तोवर प्रश्न होता, गुण किती. आता त्याला दुसरा जोडला गेला, ऐपत किती. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यातून फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द घराघरांत आले. पुढं पै, इनामदार असे निकाल येत गेले. फी ठरवणाऱ्या समित्या झाल्या. २०१५ मध्ये राज्यानं खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश आणि शुल्काचा कायदाच केला. कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, फ्रीझ, फ्लोट ही भाषा दहावी शिकलेल्या बापाला शिकावी लागली. ती न कळणाऱ्याला सायबर कॅफेवाला कळवतो, आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

अलीकडचं उदाहरण बीबीए, बीसीएचं. बारावीच्या गुणांवर सरळ प्रवेश मिळणारे हे अभ्यासक्रम २०२४ पासून राज्याच्या सीईटीखाली आले. कित्येक विद्यार्थ्यांना परीक्षा होऊन गेल्यावर समजलं की परीक्षा होती. राज्यभर जागा रिकाम्या राहिल्या, म्हणून पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. एक चाळणी वाढली, त्यात शहराला फारसं काही जाणवलं नाही. वाड्या-वस्त्यांवरची पोरं तेवढी गळली.

निकालानंतर

आता त्या बापाच्या प्रश्नाकडं येऊ.

चांगल्या गोष्टी आधी. २०२१ मध्ये 'नॅक'नं विद्यापीठाला ३.५२ गुणांसह 'अ++' श्रेणी दिली. ती उगाच मिळालेली नाही. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत पातळ थरांवर, ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर जे काम झालं, त्याच्या जोरावर इथल्या मुलांनी एक अनपेक्षित वाट शोधली. दक्षिण कोरियाची. पीएच.डी. आणि पोस्टडॉकसाठी कोरियातल्या विद्यापीठांत कोल्हापूर, सांगलीकडची मुलं इतक्या संख्येनं गेली, की सेऊल किंवा ग्वांगजूत तांबडा-पांढरा रस्सा खायचा तर कुणाच्या खोलीवर जायचं, हे नव्यानं गेलेल्याला आधीच कळलेलं असतं. सीनियरनं ज्युनियरला बोलावलं, त्यानं पुढच्याला. बोर्डिंगचीच ही रीत, पासपोर्टवर चढलेली.

स्पर्धा परीक्षांचंही तसंच. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडसारख्या गावातून निघून, इथून इतिहास घेऊन पदवीधर झालेले विश्वास नांगरे पाटील आयपीएस झाले आणि तालुक्या-तालुक्यात अभ्यासिका उगवल्या. एक मुलगा साहेब झाला, ही बातमी शंभर गावांत पोचते. उरलेले नव्याण्णव काय करतात, याची बातमी कुणी देत नाही. पंचविशी ओलांडलेली, 'अजून दोन अटेम्प्ट' म्हणणारी, लग्नाच्या बाजारात स्थळ म्हणून मोजली न जाणारी ही पोरं आपल्या प्रत्येकाच्या भावकीत आहेत. एम.ए. झाले, सेट-नेट झाले, आणि घड्याळी तासिकेवर शिकवताहेत असेही आहेत. कायम जागा रिकामी, तासिकेचं मानधन तुटपुंजं आणि तेही वर्षाचे ठरावीकच महिने. ज्या वर्गात ते 'शिक्षणानं आयुष्य बदलतं' असं शिकवतात, त्या वर्गाला त्यांचं आयुष्य दिसत असतं.

कोरोनात हे आणखी उघडं पडलं. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑगस्ट २०२० ला दिला आणि त्या ऑक्टोबरात ऑनलाइन झाल्या. शाहूवाडीच्या, पाटणच्या डोंगरात रेंज मिळेल तो दगड शोधून पोरांनी पेपर दिले. पास झाली. त्यानंतर कित्येक महिने नोकरीच्या जाहिरातींवर '२०२० बॅच' म्हणून त्यांच्याकडं संशयानं पाहिलं गेलं, यात त्यांचा दोष काय होता, हे कुणी सांगू शकलं नाही.

त्रिकोण

बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढं कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९७५ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांचा त्रिकोण आपल्याला कधीच नीट जुळवता आलेला नाही. एका टोकाला हात घातला की दुसरं निसटतं. आपल्या जिल्ह्यातलं हे विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवून ते पुस्तक वाचावं. संख्या साधली, १४ हजारांचे तीन लाख झाले. समतेकडं मोठं पाऊल पडलं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. गुणवत्ता आवाराच्या आत चांगली, संलग्न कॉलेजांत कुठं आहे, कुठं नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्राचं पट नोंदणीचं गुणोत्तर ३५.३ होतं, देशाचं २८.४. आपण पुढं आहोत. पण हाही प्रवेशाचाच रकाना.

'नॅक' किंवा 'एनआयआरएफ'च्या अर्जात किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, किती पुढं शिकायला गेले, हे विचारलेलं असतं. आवारातले विभाग ती माहिती देतात. पण या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी आवारात शिकतच नाहीत. ते शिकतात मलकापूरला, मेढ्याला, आटपाडीला, आजऱ्याला. कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी पाच वर्षांनी कुठं आहे, नोकरीत, शेतात, स्वतःच्या दुकानात की चुलीपाशी, हे सलगपणे कुठं नोंदलेलं नाही. जुना गावकामगार एवढा हिशेब बैलांचा ठेवायचा.

काम अशक्य नाही. प्रत्येक कॉलेजानं पदवीधरांना दरवर्षी एक फोन करायचा, एवढंच त्याचं पहिलं पाऊल आहे. दीक्षान्त समारंभाला गाऊन भाड्यानं देताना नाव, गाव, मोबाईल लिहून घेतात. तीच वही पुढं चालवायची. मग कळेल की कुठल्या अभ्यासक्रमानं कुणाचं काय भलं केलं. कुठल्या तालुक्यात वसतिगृह हवं आणि कुठं नवं कॉलेज नको. कुठली सवलत चार महिने आधी आली असती तर एखादी मुलगी दुसऱ्या वर्षाला गळली नसती. आज हे सगळं आपण अंदाजानं ठरवतो, आणि अंदाज नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं झुकतात.

विद्यापीठाचं नाव लांब करावं की आहे तेच ठेवावं, यावर कोल्हापुरात अधूनमधून वाद पेटतो. पूर्ण नाव घेतलं जावं म्हणूनच ते आटोपशीर ठेवलं गेलं, असं जाणती माणसं सांगतात. ते बरोबरच आहे. पण माझ्या मनात त्या वादापेक्षा पहिल्या कुलगुरूंचं काम येतं. आप्पासाहेब मोडी कागद उलगडत बसत. इनामाची नोंद, वसुलीची नोंद, कुणाला किती धान्य दिलं त्याची नोंद. ज्याची नोंद झाली तो इतिहासात राहिला. ज्याची झाली नाही, त्याच्याबद्दल बोलायला इतिहासकाराकडं काही नसतं.

पुढच्या जूनमध्ये खिडकीसमोरची रांग पुन्हा लागेल. बाप पिशवीतून कागद काढून देईल, आतला माणूस एकेक रकाना भरून घेईल. नाव, वडिलांचं नाव, जात, उत्पन्न, गुण. तो घरून सगळं घेऊन आलेला असेल. त्याच्याकडून आपण इतकं लिहून घेतो, तर त्याला परत सांगण्यासारखी एक तरी नोंद आपल्या दप्तरात असली पाहिजे.